पंगतीला पाठ केलेली सायाळ

जळगाव, पूर्व खानदेश
१२ ऑगस्ट १९५७

प्रिय जुबेदा,

शाळेच्या मागच्या पायरीवर आपण दोघी ब्रश धुवायला बसायचो, ते तुला आठवतं का? दोघींत मिळून एनॅमलचा एकच मग होता, कड उडालेला. पाणी आधी निळं व्हायचं, मग हिरवं, आणि शेवटी वाघूरच्या पुरासारखं गढूळ. तू ब्रश ओठांत धरून त्याचं टोक काढायचीस. रंगात विष असतं म्हणून सिस्टर ओदिल रागवायच्या, तू मान हलवायचीस आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा ब्रश तोंडात. तुझं टोक सुईसारखं निघायचं. मी तसंच केलं की माझे नुसते ओठ निळे व्हायचे आणि ब्रश केरसुणीसारखा पसरलेला तो पसरलेलाच राहायचा.

काल नातीचा ब्रश धुताना मी तो नकळत ओठांत धरला. ती हसायला लागली. म्हटलं, जुबेदाला लिहावं.

एकोणचाळीस वर्षांनी पत्र येतंय म्हणून दचकू नकोस. तुझा पत्ता सुनंदाबाईंनी दिला. तुमच्या धुळ्याच्या शाळेतून बदलून त्या इथे शिक्षिका म्हणून आल्या आहेत आणि आमच्या शेजारी राहतात. आमच्या चित्रकलेच्या जुबेदाबाई असं त्यांनी म्हटलं तेव्हा मी सहज विचारलं, कोण जुबेदा? मग त्या अर्धा तास तुझंच सांगत बसल्या. तिशीत, कडेवर मूल घेऊन ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलीस म्हणे. मुली तुझ्यावर जीव टाकतात म्हणे. ऐकता ऐकता मी त्यांच्या चहात साखर दोनदा घातली.

माझं बरं चाललं आहे. आमचे हे, वकीलसाहेब, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा मुंबईला असतो, सून आणि नात सध्या इथे आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो अजून पिकायचा आहे.

आता चित्राचं. आपलं चित्र असोद्याला माझ्या भावाकडे, तोतारामकडे, बैठकीच्या भिंतीवर इतकी वर्षं होतं. सिस्टरांच्या पुस्तकात भूछत्रांखाली बसलेल्या पऱ्या आणि विलायती जंगल होतं. तसलं झाड आपण कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आपण केळीचा मळा काढला आणि त्यात पंगत मांडली. केळीच्या पानांवर भरीत-भाकरी, जेवायला रानातले प्राणी, आणि वाढायला पऱ्या. प्राणी माझे, पऱ्या तुझ्या. तुझ्या पऱ्यांना उमललेल्या कपाशीच्या बोंडांचे झगे होते आणि पंख चतुराचे. सिस्टर म्हणाल्या होत्या, असं चित्र त्यांच्या पुस्तकातसुद्धा नाही.

यंदा चैत्रात तोतारामने मळ्यात नवी विहीर खणायला घेतली. तीस हात खाली गेले तरी पाण्याचा थेंब नाही. आमची भावजय बेबाबाई एके दिवशी भिंतीसमोर उभी राहिली, पऱ्या मोजल्या, आणि म्हणाली, “ह्या त साती आसरा हायेत, अक्का. घरात आसरा टांगून ठेवल्या आन आपण विहिरीवर पानी शोधून राह्यलो.” आसरा तुला माहीत आहेत. पाण्यात राहणाऱ्या सात देवी, ज्यांच्या नावाने विहिरीच्या काठावर सात दगड मांडतात. मी म्हटलं, अगं, त्या पऱ्या आहेत, पंख बघ त्यांचे. ती म्हणाली, ते पंख नाहीत, पदर आहेत, पाण्यात फुगलेले.

तिने चित्र बैलगाडीतून विहिरीवर नेलं. वाटेत काच तडकली तर ती काढूनच टाकली. देवीला काचेआडून कुंकू कसं लावणार? पाचव्या दिवशी पाणी लागलं. आता दर शुक्रवारी बायका येतात. तुझ्या सातही पऱ्यांच्या कपाळी हळद-कुंकू, पुढे खण, नारळ. पायाशी पाणी शिंपडतात. माझ्या सशाला, भेकराला, मुंगसाला कोणी विचारत नाही. एका म्हातारीने तर भेकर दाखवून विचारलं, हे कुत्रं कोणाचं?

तुझ्या पऱ्यांनी भाग्य काढलं, जुबेदा. मला हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही.

तर पत्राचं कारण असं. धुळ्याचे रतिलाल शेठ सरकीच्या तेलाचे व्यापारी आहेत आणि दरवर्षी गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात. विहिरीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर त्यांना हे चित्र हवं आहे. दिवाळीआधी छापायला जाईल. खानदेशात घराघरांत लागेल. तुझी हरकत नसणार असं मी धरून चालते. खाली नाव कोणाचं घालायचं ते पुढे बघू.

तुझी,
कुंदा


जळगाव
९ सप्टेंबर १९५७

प्रिय जुबेदा,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं आहे हे मला माहीत आहे, कारण सुनंदाबाई मागच्या रविवारी धुळ्याला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, तुमचं पत्र त्यांच्या टेबलावर दौतीखाली होतं. दौतीखाली. म्हणजे उडू नये म्हणून ठेवलंस, की पुन्हा दिसू नये म्हणून?

त्यांनी येताना तुमच्या शाळेचं हस्तलिखित आणलं. मुलींनी सुरेख काढलं आहे. मी डोळ्यांवर भिंग धरून पान न पान पाहिलं. पऱ्या शोधत होते. एकही परी नाही. आणि अकराव्या पानावर ससा.

एक कान उभा, दुसरा वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानासारखा मधूनच मोडलेला. पुढचा एक पाय उचललेला, जणू बसावं की पळावं हे अजून ठरलेलं नाही. असे ससे त्या अंकात नऊ आहेत, नऊ वेगळ्या मुलींच्या हातचे, आणि नऊही माझे आहेत. तो कान मी असोद्याच्या बांधावर पाहिला होता. कुत्र्याने चावलेला ससा होता तो, वडिलांनी घोंगडीत घालून घरी आणलेला. तो कान कोणत्याही पुस्तकात नाही.

सुनंदाबाईंना विचारलं, हा ससा मुलींना कोणी शिकवला? म्हणाल्या, जुबेदाबाईंचाच तो, पहिल्या दिवशी फळ्यावर काढून देतात. “जुबेदाबाईंचा ससा” असं धुळ्यात म्हणतात म्हणे.

मला राग आला, जुबेदा. पऱ्यांना कुंकू मिळालं, मुली तुझ्याभोवती, आणि माझ्या हातचा एक ससा होता तोही तुझ्या नावावर. माझ्यापाशी राहिलं काय? मी लग्नानंतर काही काढलं नाही. वर्षातून दोनदा रांगोळी, आणि मुलगा लहान असताना त्याच्या पाटीवर एखादं मांजर.

विहिरीवरचं कळवायचं राहिलं. बायका पायाशी पाणी शिंपडतात त्याने चित्राचा उजवा खालचा कोपरा खराब झाला. तिथे सायाळ होती. तिचा रंग जाड होता, तो भिजून सुटला आणि ओघळून गेला. बाकीचं चित्र तसं ठीक आहे. विहिरीचं बांधकाम करणारा गवंडी फारुख त्या वेळी तिथेच होता. त्याने ओल्या फडक्याने कोपरा पुसून दिला. त्याला काहीतरी दिसलं, पण ते एवढं महत्त्वाचं नाही.

रतिलाल शेठचा माणूस चुडामण परवा येऊन गेला. कोपरा छापताना झाकता येईल म्हणाला.

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण सशाचं काय ते तू मला सांगायला हवंस.

कुंदा


जळगाव
१२ सप्टेंबर १९५७

जुबेदा,

मागचं पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत येताना गोलाणींच्या दुकानापाशी थांबले आणि वाटलं, पोस्टमनला गाठून ते परत मागावं. पण पेटी उघडायची वेळ होऊन गेली होती.

फारुखला काय दिसलं ते लिहिते.

सायाळ ओघळली तेव्हा तिच्याखाली काळी अक्षरं निघाली. पाण्याने ती अजिबात हलली नाहीत. तुझे अब्बा टांग्यांवर नावं घालायला लाख घालून शाई करायचे, त्या शाईने तू सही केली होतीस. फारुख खाली वाकला, म्हणाला, “अक्का, ये तो किसी का नाम है. जुबेदा. जुबेदा जहांगीर.” बेबाबाईने विचारलं, ही कोण? आठ-दहा बायका उभ्या होत्या. सगळ्यांचं तोंड माझ्याकडे.

मी म्हटलं, “कागदवाल्याचं नाव असेल.”

फारुख माझ्याकडे पाहत राहिला. कागदवाला लाखेच्या शाईने सही करत नाही हे गवंड्यालाही कळतं. पण तो चांगला माणूस आहे, त्याने फडकं पिळलं आणि पुन्हा कामाला लागला.

हे चार महिन्यांपूर्वीचं खोटं. आता एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं.

शाळेच्या चित्रप्रदर्शनाच्या आदल्या रविवारी माझे वडील भेटायला आले होते. चित्र जेवणघरात टेबलावर वाळत होतं. वडील शेतकरी माणूस, चित्र कधी निरखून पाहिलेलं नाही. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं, देवळात धरतात तसं. किती वेळ पाहत होते. मग विचारलं, ह्या पोरी कोणी काढल्या? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. “देवानं तुह्या हातात कायतरी ठेवलं हाये, पोरी.” मी शेजारीच उभी होते. त्यांनीच घरी आणलेला ससा त्याच कागदावर होता, त्याच मोडक्या कानासकट. तो त्यांना दिसला नाही. जाताना माझी वेणी ओढून म्हणाले, “तू बी काढत जाय काही.”

तू हसलीस. वाईट हसली नाहीस, तुला नुसता आनंद झाला होता. पण हसलीस.

सोमवारी दुपारी सगळ्या प्रार्थनेला गेल्या. मी पोटात दुखतंय म्हणून मागे राहिले. तुझी सही उजव्या कोपऱ्यात होती, माझी डाव्या. पांढरा रंग दह्यासारखा जाड कालवला आणि तुझ्या नावावर सायाळ काढली. नाव लांब होतं, म्हणून सायाळही लांब झाली. काटे एकेक करून सावकाश काढले. माझ्या सगळ्या प्राण्यांत तीच सर्वांत चांगली उतरली. जो कोणी चित्र पाही तो म्हणे, सायाळ काय जिवंत आहे.

सिस्टर ओदिल तापाने इगतपुरीला गेल्या होत्या. नवीन मदरला कोणी काय काढलं ठाऊक नव्हतं. चित्रावर एकच सही होती, बक्षीस एकीलाच मिळालं. रंगांची पेटी, आणि मुंबईला ड्रॉइंगच्या परीक्षेला जाणं.

शाळेतली तुझी फुकट जागा, फी माफ असलेली, चित्रकलेवर होती. प्रदर्शनात नाव आलं तरच ती पुढे राहणार होती. हे मला माहीत नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. माहीत होतं. ब्रश धुताना पायरीवर तूच मला सांगितलं होतंस.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर तू आली नाहीस.

प्रदर्शनाच्या दिवशी तू चित्रासमोर उभी होतीस. मला वाटलं, आता ओरडशील, आता मदरकडे जाशील. तू कोपऱ्याकडे पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, “तुझी सायाळ पंगतीला पाठ करून बसली आहे.”

खरंच बसली होती. सही झाकण्याच्या नादात मी तिचं तोंड कागदाच्या बाहेर केलं होतं. पंगतीत सगळे पानाकडे बघतात आणि ही एकटी जायला निघाल्यासारखी. मला ते तू म्हणेपर्यंत दिसलं नव्हतं. त्यानंतर त्या चित्रात मला दुसरं काही दिसलं नाही.

कुंदा


जळगाव
६ ऑक्टोबर १९५७

प्रिय जुबेदा,

तुझं कार्ड आलं. पाकिटाऐवजी मुद्दाम कार्ड पाठवलंस ना? पोस्टमनने वाचलं असणार, देताना माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं त्याने. मला ते पाठ झालं आहे.

“कुंदा, तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं नव्हतं. सायाळीचं मला त्याच दिवशी कळलं होतं, ते तुला ठाऊक आहे. परी मी त्यानंतर काढली नाही, हाताला नको वाटली. तुझा ससा बावीस वर्षं फळ्यावर काढते आहे, तुझं नाव न सांगता. तो कान मला कधीच तुझ्यासारखा जमला नाही. तेव्हा फिटलं असं समज आणि डोळ्यांना जप. जुबेदा.”

फिटलं नाही. तुझा ससा रोज संध्याकाळी फडक्याने पुसला जातो, माझी सायाळ एकोणचाळीस वर्षं बसून होती. आणि सशाने माझी शाळा सुटली नाही. म्हणून मी फिटलं म्हणणार नाही. पण कान तुला जमत नाही हे वाचून मला बरं वाटलं, हेही लपवत नाही. दोनदा वाचलं ते वाक्य. तिसऱ्यांदा सुनेला वाचून दाखवलं, डोळ्यांचं निमित्त करून.

शुक्रवारी असोद्याला गेले. मोटारीतून उतरून मळ्यापर्यंत चालताना ठरवत होते, आधी बेबाबाईला एकटीला सांगावं. पण बायका जमल्याच होत्या, आणि फारुख विहिरीच्या कठड्याला शेवटचा हात देत होता. मी सांगितलं. ह्या सातही जणी मी काढलेल्या नाहीत. भुसावळच्या जहांगीर पेंटरच्या मुलीने काढल्या. त्या कोपऱ्यातलं नाव तिचंच आहे, कागदवाल्याचं नाही. मी ते झाकलं होतं.

एकीने हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता गेलं सगळं. मुसलमानाच्या मुलीच्या हातच्या म्हटल्यावर ह्या बायका आपापली ताटं उचलतील, आणि तुझ्या पऱ्यांचा हा मानही माझ्यामुळेच जाईल. मी दोन्हीदा तुझंच काढून घेतलं, आधी नाव झाकून आणि आता उघडं करून.

बेबाबाईने पदर खोचला. “आसराले काय जात असते का व अक्का? पानी त लागलं ना?” मग तिने फारुखकडे पाहिलं. “विहीर बी त्यानंच बांधली, तिचं पानी पेता ना बठ्ठ्या जनी?”

ताट ठेवलेली बाई कसनुशी हसली आणि तिने ताट पुन्हा उचललं. दोघी-तिघी मात्र निघून गेल्या, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. उरलेल्यांनी कुंकू लावलं. शेवटी भेकराला कुत्रं म्हणणाऱ्या म्हातारीने मला विचारलं, “मंग तुहं काय व ह्याच्यात, अक्का?” मी दाखवलं. ससा, भेकर, मुंगूस, घुबड, खार. तिने पाचही पाहिले, जवळ जाऊन. सातव्या परीला लावून तिच्या बोटाला थोडं कुंकू राहिलं होतं. ते तिने सशाच्या कपाळावर पुसलं.

उरलेलं होतं. पण पुसायला तिला पदरही होता.

येताना फारुख मोटारीपर्यंत माझी पिशवी घेऊन आला. वाटेत म्हणाला, तुझे अब्बा त्याच्या मामूंचे उस्ताद होते आणि ती शाई त्याने पाहताक्षणी ओळखली होती. मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, “आप बोलने वाली थीं ना, अक्का. मैं क्यूँ बोलूँ?” पाच महिने वाट पाहत होता तो.

तुझी,
कुंदा


जळगाव
१८ ऑक्टोबर १९५७

प्रिय जुबेदा,

कॅलेंडर होणार नाही.

मी चुडामणकडून निरोप धाडला होता की चित्राखाली दोन ओळी हव्यात: पऱ्या, जुबेदा जहांगीर, प्राणी, कुंदा. माझं नाव दुसरं, पण असायला हवं, तेवढा मोह मला आहे. काल रतिलाल शेठ स्वतः आले. माणूस गोड बोलतो. म्हणाले, आसरांच्या खाली हे नाव गिऱ्हाइकाला समजणार नाही, उगाच लोक विचारत बसतील. नाव घालूच नये. किंवा घालायचंच तर नुसतं तुमचं घालू, बाई, ठळक घालू. त्यांनी नमुना छापूनच आणला होता. तुझ्या पऱ्या, माझा ससा, आणि खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव. कोपरा त्यांच्या तेलाच्या डब्याच्या चित्राने झाकला होता.

मला ती सोनेरी अक्षरं भिंगाशिवाय वाचता आली, जुबेदा. एवढी मोठी होती. मी नमुना हातात घेऊन बसले आणि त्यांच्यासमोर किती वेळ गेला ते मला कळलं नाही. एखादी खानदेशातली सासुरवाशीण सकाळी तारीख बघायला मान वर करेल आणि माझं नाव वाचेल. वडील असते तर त्यांना कोणीतरी वाचून दाखवलं असतं.

मग तो तेलाचा डबा पाहिला. सायाळीपेक्षा वाईट काढला होता.

मी म्हटलं, दोन्ही नावं, नाहीतर चित्र नाही. ते म्हणाले, मग राहू द्या, कृष्णाचं चित्र तयार आहे आमच्याकडे. नमुना त्यांनी परत नेला. मी मागून घेईन असं क्षणभर वाटलं होतं, पण नाही मागितला.

दिवाळी झाली की मुलगा मला मुंबईला नेणार आहे, डोळ्यांच्या ऑपरेशनला. डॉक्टर बरं होईल म्हणतात. तरी जाण्याआधी काय कोणाकडे जायचं ते लिहून ठेवते, म्हणजे मागे घोळ नको. हेच पत्र सुनेलाही दाखवलं आहे.

चित्र तुझ्याकडे. फारुख पुढच्या सोमवारी कामाला धुळ्याला येणार आहे, दोन फळ्यांमध्ये बांधून एस. टी. ने तोच आणेल. भिजू नये म्हणून वरून मेणकापड लावायला सांगितलं आहे. कुंकू पुसू नकोस, पुसलंस तर रंग निघेल. माझी डाव्या कोपऱ्यातली सही आहे तशी राहू दे. तेवढं माझं मागणं आहे.

चौकट बेबाबाईला. ती म्हणते, चित्र गेलं तरी आसरा विहिरीत आहेतच, सात दगड पुरेत. चौकटीत तोतारामचा फोटो घालणार आहे. तिला वाईट वाटलं, पण तुझं आहे म्हटल्यावर तिने स्वतःच काठावरून उचलून दिलं. फुटलेली काच कुणाला नको.

वडिलांनी सशाला गुंडाळून आणलेली घोंगडी अजून माझ्या पेटाऱ्यात आहे, कसरीने खाल्लेली. ती फारुखच्या आईला, हसीनाबींना. त्यांना थंडीत संधिवाताचा त्रास आहे. कशाची आहे ते सांगू नये.

बक्षिसाच्या रंगपेटीतले रंग बहुतेक तसेच आहेत, मी ती परीक्षेनंतर उघडली नाही. निळा आणि पिवळा तर नवा कोरा आहे. पेटी तुला. कड उडालेला तो मग मी शाळा सोडताना चोरला होता. तोही फारुखबरोबर येईल. ब्रश मात्र नातीकडे ठेवते, ती ओठांत धरून टोक काढायला शिकली आहे. तुझ्यासारखं निघतं तिचं. पाहिलं की अजून मला तोच हेवा वाटतो.

राहिला उजवा कोपरा. तुझं नाव स्वच्छ निघालं आहे. शेजारी सायाळीचे तीन-चार काटे अजून कागदाला चिकटून आहेत, खाली थोडी जागाही आहे. खरवडायचे असतील तर खरवड. पण तुझा हात चालत असेल, आणि मनाला वाटलं, तर त्या जागेत एक छोटी सायाळ काढ, नावाला धक्का न लावता, तोंड पंगतीकडे करून. मला आता एवढं बारीक दिसत नाही.

पांढरा मात्र तुझ्याजवळचा घे. पेटीतला परीक्षेतच संपला होता.

तुझी,
कुंदा